सात नंबरच्या खोलीतली कवळी

कवळ्या बनवणाऱ्या त्या छोट्याशा कारखान्यात चौघं जण काम करायची आणि चौघांचा राग एकाच गोष्टीवर होता. पूर्वी टीव्ही लावायचा, लागेल ते बघायचं, आवडलं नाही तर नावं ठेवायची आणि तरीही बघायचं, असा साधा कारभार होता. आता एक मालिका एका अ‍ॅपवर, दुसरी दुसऱ्यावर. तिसरीचे पहिले दोन सीझन इकडे आणि तिसरा तिकडे. फुटबॉल चौथ्याकडे, आणि तोही उपांत्य फेरीपर्यंतच. पुढचं बघायचं असेल तर तेवढ्यासाठी वेगळे पैसे मोजा. बरं, पैसे भरून बसावं तर मध्येच जाहिरात. जाहिरात नको असेल तर त्याचेही पैसे. म्हणजे दाखवायचे पैसे आणि न दाखवायचेही पैसे.

"चोर परवडले," मामा म्हणायचे. "ते एकदाच येतात. हे दर महिन्याला येतात."

मामा पॉलिशवाले. तयार कवळी फिरत्या ब्रशावर धरून तिला चकाकी आणायचं काम त्यांचं, आणि कारखान्यात वयानंही तेच मोठे. त्यांच्या शेजारच्या टेबलावर वहिनी बसायच्या. मेणाच्या पट्टीत एकेक दात बसवून ओळ लावायची, तर ती वहिनींनीच. त्यांच्या हातून लागलेली ओळ तोंडात गेली की माणूस दहा वर्षांनी तरुण होऊन हसतो, असं डॉक्टर लोकही म्हणायचे. खिडकीपाशी धाकटी. ती दातांना रंग द्यायची, कारण दात पांढरे असतात हा लोकांचा गैरसमज आहे. ते कितीतरी प्रकारचे पिवळे असतात. आणि नळापाशी, ओल्या कोपऱ्यात, मास्तर. दवाखान्यातून आलेल्या ठशांत प्लास्टर ओतून जबड्याचे साचे काढायचे हे त्यांचं काम. मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. पण दोन्ही हात कायम खडूत बुडवल्यासारखे पांढरे असायचे, म्हणून ते मास्तर. मालक वरच्या मजल्यावर बसायचे आणि फारसे खाली यायचे नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

तर या चौघांनी एक तोड काढली होती. चौघांनी चार अ‍ॅप वाटून घेतली. ज्यानं त्यानं आपल्या अ‍ॅपवरची एक गोष्ट नीट बघायची आणि ठरलेल्या दिवशी डबा खाताना बाकीच्यांना सांगायची. वहिनींकडे एका श्रीमंत घराण्यातली भांडणं होती, धाकटीकडे परग्रहावर अडकलेली माणसं, मामांकडे फुटबॉल. मामा सामना सांगायला लागले की डबे सरकवून मैदान करायचे आणि लोणच्याची बाटली गोलरक्षक व्हायची. एकाच्या पैशात चार जणांचं भागायचं आणि कंपन्यांना आपण बरोबर टोपी घातली, याचा आनंद वेगळाच.

नियम दोनच, आणि दोन्ही मामांचे. दुसऱ्याच्या वाट्याचं चोरून बघायचं नाही. आणि सांगताना पदरचं घालायचं नाही.

सोमवार मास्तरांचा. त्यांची मालिका डोंगरातल्या एका हॉटेलाची होती. हॉटेलची मालकीण एकटीच सगळं बघते. तिचा एक दीर आहे, त्याची नजर हॉटेलवर. एक गप्प स्वयंपाकी आहे. दर दोन-चार भागांनी कुणाचा तरी खून होतो. आणि सात नंबरच्या खोलीत एक म्हातारा पाहुणा आहे, जो पहिल्या भागापासून आलाय आणि जायचं नावच घेत नाही. त्याच्याजवळ एक कुलूपबंद पेटी. बाकीचे तिघं आपापलं बघितलेलं सांगायचे; मास्तर ते हॉटेल उभं करायचे. जिना कुठे करकरतो, मालकीण रागावली की किल्ल्यांचा जुडगा कुठल्या बोटात फिरवते, सगळं. एरवी मास्तर म्हणजे तोंडात गुळणी धरून बसलेला माणूस. घरी बायको बोलायची आणि ते ऐकायचे. कारखान्यात नळ बोलायचा. पण सोमवारी तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची, वहिनींचा घास हातातच राहायचा, आणि मास्तरांना वाटायचं की आपणही कुणीतरी आहोत. आठवड्यातला तेवढा अर्धा तास त्यांना उरलेल्या सगळ्या आठवड्याला पुरायचा.

आता खरी गोष्ट अशी की मास्तरांच्या वाट्याचं अ‍ॅप मास्तरांचं नव्हतंच. ते लेकीचं होतं. लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली तेव्हा जाताना आईबाबांच्या टीव्हीवर स्वतःचं खातं चालू करून गेली होती. "एकच मालिका दोघं बघू, बाबा," म्हणाली होती. मग मधूनच तिचा फोन यायचा: बघितलंत का? तो दीर काय नालायक आहे ना? मास्तर हो म्हणायचे. फोनवर त्यांना तेवढंच, आणि ठेवताना 'अनोळखी काही आलं तर दाबू नकोस' एवढं बजावणं जमायचं, पण हो म्हणताना ते खूष असायचे.

आणि एका रविवारी, मालकिणीनं दुसरी किल्ली लावून पेटीचं झाकण उचललं, नेमका तिथे भाग संपला. पुढच्या रविवारी मास्तर चहा घेऊन टीव्हीसमोर बसले तर पडद्यावर हॉटेल नाही. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं: हा टीव्ही या खातेदाराच्या घरातला नाही.

मास्तरांनी टीव्ही बंद करून परत लावला. पाटी तीच.

"लेकीला विचारा," बायको आतून म्हणाली.

"विचारायचं काय? लिहिलंय की स्वच्छ. घरातला नाही."

"ते टीव्हीबद्दल लिहिलंय."

"टीव्ही कोणाचा आहे?"

बायकोनं बाहेर येऊन पाटी वाचली, नवऱ्याचं तोंडही वाचलं. "अहो, काहीतरी बटण दाबायचं राहिलं असेल तिकडे. एक फोन करा."

पण मास्तरांनी मनाशी हिशेब मांडून टाकला होता. जावयानं खर्चाला कात्री लावली असणार, लेकीला बोलता येत नसणार. त्यांच्या संसारात आपण कशाला लुडबुड करा. स्वतः ते अ‍ॅप घ्यावं, म्हणून पाहिलं तर ते महिन्याचं मिळेना; वर्षाचंच घ्या, आणि त्यासोबत लहान मुलांची गाणी आणि कुस्त्याही घ्या. एका म्हाताऱ्याच्या पेटीत काय आहे ते बघायला वर्षभर कुस्त्या कोण बघणार? पुढे लेकीचा फोन आला आणि तिनं विचारलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "वेळच नाही गं होत हल्ली. काम फार." दोन-तीनदा असं झाल्यावर तिनं विचारणं सोडलं. त्याचंही मास्तरांना वाईट वाटलं, म्हणजे खोटंही त्यांचंच आणि रुसवाही त्यांचाच.

पण सोमवार कुणाच्या रुसव्यासाठी थांबत नाही. पाटी दिसली त्याच्या दुसऱ्याच दिवशी डबे उघडले आणि मास्तरांनी सांगायचं ठरवलं होतं की अ‍ॅप बंद पडलंय, मी आता फक्त ऐकणार. वाक्य पाठ करून आले होते. तेवढ्यात वहिनींनी मेण वितळवायचा दिवा विझवला, धाकटी स्टूल ओढत आली आणि मामा म्हणाले, "हं. पेटीत काय?"

तीन चेहरे समोर. मास्तरांनी तोंड उघडलं. वाक्य कुठल्या कुठे गेलं आणि समोरच्या फळीवर जे मांडून ठेवलं होतं तेच बाहेर पडलं.

"कवळी."

मामांनी डबा बाजूला ठेवला. "वरची की खालची?"

"वरची," मास्तर म्हणाले. "नुसती वरची. मखमलीत गुंडाळलेली."

"म्हणजे खालची दुसऱ्या कुणाकडे तरी आहे," धाकटी म्हणाली, आणि तिच्या अंगावर काटा आला. तिनं हात पुढे करून दाखवलाही.

"जुनी आहे का?" वहिनींनी विचारलं. "झिजलीय का? कुठल्या बाजूला?"

"डाव्या बाजूला."

"म्हणजे डावीकडून चावणारा माणूस. आता हॉटेलात डावीकडून कोण चावतं, ते बघा."

आयुष्यभर दात केले, पण दातांची कदर असलेली मालिका या लोकांनी पाहिली नव्हती. मालिकांतले म्हातारे बत्तीस दात घेऊन मरतात. इथे पहिल्यांदाच कुणीतरी समजून उमजून लिहिलं होतं. मामा तर दुपारभर ब्रशावर कवळी धरून स्वतःशी मान डोलवत होते. संध्याकाळी जाताना म्हणाले, "लेखक माहीतगार आहे हो. घरात कुणीतरी आपल्यातलं असणार त्याच्या."

मास्तरांना रात्रभर झोप लागायला नको होती, पण ते मेल्यासारखे झोपले. सकाळी उठल्यावर आधी पश्चात्ताप आला आणि मागोमाग, दात घासताना, पुढचा भाग आला.

असं दीड महिना चाललं. प्लास्टर कालवताना मास्तर हॉटेलात असायचे. प्लास्टरमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर साच्यावर पुटकुळी येते, म्हणून ठसा थरथरत्या पाटीवर धरून बुडबुडे वर आणावे लागतात; त्या थरथरीत त्यांना एकेक प्रसंग सुचायचा. मालकीण रोज जेवणाच्या वेळी पाहुण्यांच्या तोंडाकडे बघू लागली. दिराला दाढदुखी झाली आणि तो संशयातून सुटला, कारण ज्याला दाढ आहे त्याची कवळी कशी असेल? ऐकणारेही गप्प बसेनात. मामा म्हणाले, "वरची कवळी पेटीत, खालचीचा पत्ता नाही, मग तो सात नंबरवाला जेवतो कशानं?" मास्तरांनी घटकाभर विचार केला आणि सांगितलं की म्हणूनच तो पहिल्या भागापासून फक्त सूप मागवतोय. पहिल्या भागात म्हाताऱ्यानं खरोखरच सूप मागवलं होतं. वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. "डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नाही."

एकच पंचाईत होती. खालची कवळी कुणाकडे आहे, हे मास्तरांनाही माहीत नव्हतं.

आणि मग एका मंगळवारी धाकटी नवा फोन घेऊन आली. फोनबरोबर महिनाभर एक अ‍ॅप फुकट मिळालं होतं, आणि ते नेमकं मास्तरांचं होतं. मास्तरांच्या हातातला साचा सुटता सुटता वाचला.

"मी काही बघितलं नाही हं," धाकटी घाईनं म्हणाली. "नियम म्हणजे नियम. पण मालिका संपलीय, शेवटचा भाग आलाय. मला वाटतं, शुक्रवारी डब्याच्या वेळी सगळ्यांनी मिळून बघावा. घरून मोठी स्क्रीन आणते. मास्तरांनी एवढं सांगितलं, आता त्यांनाही जरा बसून बघू दे."

मामांनी मान हलवली. वहिनी म्हणाल्या, मी काहीतरी गोड करून आणते. मास्तर म्हणाले, "स्क्रीनवर मजा येत नाही." कुणी लक्ष दिलं नाही. बुधवारी ते म्हणाले, शेवट फार रडका आहे असं ऐकलंय. वहिनी म्हणाल्या, मी रुमाल आणते. गुरुवारी त्यांनी मालकांकडे जाऊन शुक्रवारच्या कामाचा भार फार आहे, असं सांगून पाहिलं. मालकांना त्यांचा आवाजच पहिल्यांदा ऐकल्यासारखा वाटला आणि त्यांनी कौतुकानं शुक्रवारी अर्धा तास जास्त सुट्टी दिली.

"सांगून टाका," बायको म्हणाली. तिला पहिल्या सोमवारपासून सगळं माहीत होतं आणि ती रोज नवा भाग मागून घेत होती. "तीन माणसं आहेत, फासावर देणार नाहीत."

"तुला कळत नाही. पदरचं घालायचं नाही, हा नियम आहे. मी तर नुसतं पदरचंच वाढलंय."

"मग बरं जेवली की ती."

शुक्रवार आला. धाकटीनं प्लास्टरच्या गोणीला टेकवून स्क्रीन उभी केली. मास्तर मागे बसले. शेवटच्या भागात मालकीण धावत होती, दीर धावत होता, गप्प स्वयंपाकी अचानक घडाघडा बोलू लागला आणि सगळे खून त्यानंच केले असं निघालं. मग हेलिकॉप्टर आलं. सात नंबरचा म्हातारा पोलीस निघाला. त्यानं कोट झटकला आणि तो हसला, तर त्याच्या तोंडात स्वतःचे, चांगले मजबूत दात होते.

"थांब, थांब," मामा म्हणाले. "कवळी?"

नावं वर सरकू लागली. धाकटीनं भाग मागे नेला, आणखी मागे नेला, मालकीण पेटी उघडते तिथवर. पेटीत कागद होते आणि एक पिस्तूल होतं.

तिघांनीही एकदम माना वळवल्या. मास्तरांची दातखीळ बसली होती. ती उघडायला त्यांना बराच वेळ लागला.

"माझं अ‍ॅप बंद पडलंय," ते म्हणाले. "दीड महिना झाला."

"म्हणजे?" मामा म्हणाले.

"म्हणजे सगळं मीच."

वहिनींनी आणलेलं गोड तसंच राहिलं. मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आपल्या जागेवर गेले आणि मोटर चालू केली. संध्याकाळपर्यंत कारखान्यात मोटरीशिवाय कुणीच काही बोललं नाही. मास्तरांनी दोन वेळा प्लास्टरात पाणी जास्त घातलं, जे त्यांच्या हातून कधीच झालं नव्हतं.

शनिवार-रविवार त्यांनी घरात एका खुर्चीत काढले. सोमवारचा अर्धा तास गेला, हे तर नक्की. पण त्याहून जास्त जाचत होतं ते मामांचं न बोलता उठून जाणं. इतक्या वर्षांत या माणसानं आपल्याला शिव्या घातल्या होत्या, डब्यातलं दिलं होतं, पण पाठ फिरवली नव्हती.

"मी आता डबा नळापाशीच खाणार," त्यांनी बायकोला सांगितलं.

"ओल्यात बसू नका फार," ती म्हणाली. तिनं डब्यात पोळी मात्र एक जास्त घातली.

सोमवारी डब्याची वेळ झाली तसे मास्तर आपल्या कोपऱ्यातच राहिले. एका हातानं डब्याचं झाकण काढलं, दुसऱ्या हातानं उगाच पुढच्या ठशासाठी प्लास्टर कालवायला घेतलं, म्हणजे आपण कामात आहोत असं दिसावं. मागची मोटर बंद झाली. स्टूल ओढल्याचा आवाज आला. एकाचा, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. तिघंही त्यांच्या ओल्या कोपऱ्यात येऊन बसली. जागा एवढी कमी की वहिनींचा गुडघा नळाला लागत होता.

"मी रागावलोय," मामा म्हणाले.

"हो," मास्तर म्हणाले.

"दोन कारणांनी. एक म्हणजे, अ‍ॅप बंद पडलं ते तू सांगितलं नाहीस. आम्ही काय परके आहोत? सांगितलं असतंस तर तुझ्या वाट्याचा वार रिकामा गेला असता, त्याहून जास्त काय झालं असतं? आपण हवापाण्याच्या गप्पा मारल्या असत्या."

"चुकलं."

"आणि दुसरं. दीड महिना मी त्या खालच्या कवळीच्या मागे आहे. रात्री उठून बसतो. बायको विचारते काय झालं, तिला काय सांगू? त्या हेलिकॉप्टरवाल्यांना त्यातलं ओ का ठो कळत नाही. ते फक्त तुला माहीत. आता ती कुणाकडे आहे हे न सांगता तू सुटशील असं वाटतं तुला?"

मास्तर मामांकडे बघत राहिले. मामांचा चेहरा अजून रागातच होता. वहिनी घास हातात धरून थांबल्या होत्या. धाकटीनं फोन पालथा घालून ठेवला होता.

"ती मालकिणीकडे आहे," मास्तर म्हणाले. ते शब्द बाहेर पडले तेव्हाच त्यांनाही ते कळलं. "स्वयंपाकघरात, तिच्या स्वतःच्या खणात. कापसात ठेवलेली. ती तिच्या बापाची."

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या.

"बाप-लेकीचं एकदा वाजलं होतं. रागात तो घर सोडून निघाला. वरची तोंडात होती. खालची उशाशी पेल्यात होती, ती राहिली."

"रागात माणूस काय काय विसरतो," वहिनी म्हणाल्या. "बरोबर आहे. खालची सैल असते, रात्री काढूनच ठेवतात."

"तिनं ती टाकली नाही. आणि म्हातारा परत आला तो पाहुणा म्हणून आला. दाढी वाढवलेली, नाव बदललेलं. सात नंबर घेतला आणि बसला."

"तिनं ओळखलं नाही?" धाकटीनं विचारलं.

"कसं ओळखेल? खालची कवळी नसली की हनुवटी वर येते, गाल आत जातात. माणसाचा चेहराच बदलतो. आपल्यालाच ते ठाऊक."

मामांनी समाधानानं मान हलवली. शास्त्राला धरून होतं. "पण मग तो सांगत का नाही तिला? रोज समोर येते, सूप वाढते. सांगावं की, बाई, मी तुझा बाप."

"ते तिचं घर आहे आता," मास्तर म्हणाले. "तिनं एकदा दार लावून घेतलं. पुन्हा आपण होऊन कसं सांगायचं? तिनंच विचारायला हवं."

"दार तिनं लावलं हे कुणी सांगितलं त्याला?" वहिनी म्हणाल्या. "तो तर स्वतःच्या पायांनी गेला. आणि तिला ठाऊकच नाही की हा खोलीत रुसून बसलाय, तर ती विचारेल कशी? तिला स्वप्न पडणार आहे?"

मास्तर भांड्यातलं प्लास्टर ढवळत राहिले.

"मूर्ख आहे तुझा म्हातारा," मामा म्हणाले. "माझा आवडता आहे, पण मूर्ख आहे."

मास्तरांच्या हातातल्या भांड्यात प्लास्टर कोमट व्हायला लागलं होतं, म्हणजे ते घट्ट होत आलं होतं. त्यांनी भांडं खाली ठेवलं. नळ सोडून हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून धुतले, आणि खिशातून फोन काढला.

"सांगतो की नाही तो?" धाकटी म्हणाली.

"एक मिनिट," मास्तर म्हणाले.

लेकीनं लगेच उचलला. दिवसाउजेडी बाबांचा फोन, म्हणून आधी घाबरलीच. आई बरी आहे ना, तुम्ही बरे आहात ना. मास्तरांनी एका दमात सांगून टाकलं की तुझं ते अ‍ॅप इकडे बंद आहे, दीड महिन्यापासून, टीव्ही म्हणतो आम्ही तुमच्या घरातले नाही, आणि तुम्हाला खर्च झेपत नसेल तर काहीच म्हणणं नाही, पण मला वेळ होत नव्हता हे मी खोटं सांगितलं.



"बाबा," ती म्हणाली, "तो मेसेज तुमचा होता? हा टीव्ही तुमच्या घरातला आहे का, असा एक मेसेज आला होता माझ्या फोनवर. मी नाही दाबलं."

"का?"

"का म्हणजे? तुम्हीच नाही का मला दर फोनला सांगत, अनोळखी काही आलं की नाही दाबायचं, हो दाबलं की पैसे जातात? मला वाटलं कुणीतरी भामटा आपल्या खात्यात घुसतोय."

मामांनी आधी हसू दाबलं आणि मग त्यांना ठसका लागला. वहिनी त्यांच्या पाठीवर थोपटायला लागल्या, पण त्याही हसतच होत्या. भामटा म्हणून ओळखले गेलेले मास्तर नळापाशी उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना एवढं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"आणि मला वाटलं, तुम्हाला ती मालिका नकोशी झाली," लेक म्हणत होती. "मग एकटीनं बघायला मलाही मजा येईना. पेटीत पिस्तूल निघालं तिथेच मी सोडून दिली. तुमच्याकडे हसतंय कोण?"

"कारखान्यातली माणसं. आमच्या पेटीत पिस्तूल नव्हतं निघालं."

"मग काय निघालं?"

मास्तरांनी तिघांकडे बघितलं. मामांनी डोळे पुसून, सांग, अशी खूण केली. धाकटीनं त्यांच्या हातातून फोन घेऊन स्पीकरचं बटण दाबलं आणि तो नळाच्या कट्ट्यावर, कोरड्या जागी, भिंतीला टेकवून उभा केला.

"काम आहे का गं तुला आत्ता?" मास्तरांनी विचारलं. "सांगायचं जरा मोठं आहे."

"थांबा, मी बाहेर पायरीवर येऊन बसते," ती म्हणाली. दार ढकलल्याचा आवाज आला, मग मोकळ्या हवेचा. "हं, बाबा. बोला."

"तर पोरी," मास्तर म्हणाले, "डोंगरातल्या त्या हॉटेलात, सात नंबरच्या खोलीत, एक म्हातारा राहत होता. आणि लेकीनं आपल्याला घराबाहेर काढलं, असं तो उगाचच धरून बसला होता."